गावाचे दप्तर

'दप्तर' म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर मुलांच्या पाठीवरची पिशवी येते. हा शब्द फारसीतून मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. हिशेबाच्या वह्या, पत्रे, सनदा, निवाडे आणि ते सारे जेथे ठेवतात ते कार्यालय, या सगळ्याला दप्तर म्हणत. पेशव्यांचे दप्तर, कुलकर्ण्याचे दप्तर हे शब्दप्रयोग त्याच अर्थाचे आहेत. कागद कापडात घट्ट बांधून ठेवण्याची रीत होती. त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत आणि दप्तरातले कागद रुमालांतच मोजत. मुलेही पाटी-पुस्तके फडक्यात बांधून शाळेत नेत, त्या बोचक्यालाही दप्तरच म्हणत.

पहिल्या अर्थाचे दप्तर आजही प्रत्येक जुन्या शाळेत आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, तळच्या खणात, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या काही वह्या असतात. त्यांना आपण जनरल रजिस्टर किंवा दाखलखारीज म्हणतो. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत दाखल झाला, शाळा कधी सोडली आणि का, असे त्यातले रकाने. हे रजिस्टर 'अ' वर्गातले, म्हणजे कायम जतन करायचे, हे आपल्याला ठाऊक असते. पण एरवी ते उघडले जाते ते कोणी प्रवेश-निर्गमाचा उतारा मागायला आला तरच.

अशी वही एकाएकी किती महत्त्वाची ठरू शकते, हे २०२३ साली महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी सप्टेंबरात राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या ज्या कुटुंबांच्या जुन्या कागदपत्रांत 'कुणबी' अशी नोंद सापडेल, त्यांना दाखले देण्याची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम होते. पुढे या शोधाची व्याप्ती राज्यभर झाली. आरक्षणाच्या प्रश्नात येथे शिरण्याचे आम्हांला प्रयोजन नाही. आमचे लक्ष वेधले ते त्या निमित्ताने उघडल्या गेलेल्या कागदांनी. महसुलाचे अभिलेख, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळांची दाखलखारीज रजिस्टरे तालुक्यातालुक्यांतून तपासली गेली. सापडलेल्या पानांच्या प्रतिमा संगणकावर घेऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या.

आणि मग एक अडचण सर्वांच्याच लक्षात आली. वही होती, पान होते, अक्षर सुबक होते. पण ते वाचायचे कोणी? जुन्या नोंदी मोडी लिपीत होत्या, मराठवाड्यात अनेक ठिकाणी त्या उर्दूतही होत्या. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या घरात कोणी मोडी जाणत होते, त्या घरी रांगा लागल्या.

या लेखात आम्हांला याच अडचणीचा इतिहास सांगायचा आहे. ग्रंथालये, अभिलेखागारे आणि शाळा आज आपापल्या गावाचा इतिहास 'डिजिटल' करू लागल्या आहेत. हे काम चांगलेच आहे. पण कागदाचे छायाचित्र काढले म्हणजे कागद जतन झाला, अशी एक समजूत त्याबरोबर पसरते आहे. ती तपासून पाहायला हवी.

कागद टिकले ते कशामुळे?

आपल्याकडचे जुने कागद इतिहासासाठी म्हणून कोणी सांभाळले नव्हते. ते टिकले, कारण ते हक्काचे पुरावे होते. जमीन कोणाची, इनाम कोणी दिले, पाटीलकी कोणत्या घराकडे, पाण्याची पाळी कोणाची, हे सिद्ध करायला कागद लागे. म्हणून कुलकर्णी आपले दप्तर घरात माळ्यावर ठेवी आणि वाटणीच्या वेळी भाऊ भांड्यांबरोबर सनदांसाठीही भांडत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी पेशव्यांचे दप्तर ताब्यात घेतले ते महसुलासाठी. जुना सारा किती होता आणि कोणाला माफी होती, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १८५२ साली इनामांची छाननी करण्यासाठी कायदा होऊन इनाम कमिशनचे काम सुरू झाले. सनद दाखवा, नाहीतर इनाम जाईल, असा तो प्रकार होता. या चौकशीसाठी ठिकठिकाणची दप्तरे पुण्यात गोळा झाली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जे हजारो रुमाल आहेत, त्यांतला मोठा भाग असा जमला. मुंबईचे अभिलेखागार त्याआधीचे, १८२१ सालचे.

सरकारच्या ताब्यातले हे कागद अभ्यासकांना मात्र दीर्घकाळ पाहायला मिळत नव्हते. म्हणून काहींनी उलट वाट धरली. ते सरकारी दप्तराऐवजी लोकांच्या घरी गेले. यांत सर्वांत मोठे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे. गावोगाव पायपीट करून त्यांनी माळ्यांवरचे, पेटाऱ्यांतले कागद मिळवले, नकलून काढले आणि छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात पानिपतच्या मोहिमेच्या काळातली पत्रे आहेत. पुढे या मालेचे एकंदर बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत राजवाडे होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ च्या जानेवारीत तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले.

सरकारी पेशवे दप्तर अभ्यासकांसाठी खऱ्या अर्थाने उघडले ते १९३० नंतर. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे काम प्रचंड होते, पण शब्द लक्षात घ्या: 'निवडक'. रुमालांत बांधलेले बहुसंख्य कागद त्यानंतरही न वाचलेलेच राहिले.

या काळात गावोगावची सार्वजनिक वाचनालयेही इतिहास जमवत होती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये सुरू झाले. स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली, नगरपालिकांचे अहवाल, उत्सवांची हँडबिले, शाळांच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिका, असा जो ऐवज कोठल्याच मोठ्या ग्रंथालयात जात नाही, तो अशा ठिकाणी सापडतो.

वाचणारे कसे संपले?

कागद टिकत गेले, पण दुसऱ्या बाजूने वाचणारे कमी होत गेले.

मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. बोरू शक्यतो न उचलता लिहायचे, आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळायचा नाही. नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहायचे. लिहिणाऱ्याला हे सोयीचे होते आणि वाचणारा रोजच्या सवयीने ते वाचत असे. सवय सुटली की मात्र हीच सोय अडचण होते.

१९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचे ठरवले. छपाईला आणि टंकलेखनाला बाळबोध सोयीची होतीच. तरी शाळांतून मोडी शिकवली जात होती. ती १९५० च्या सुमारास अभ्यासक्रमातून गेली. १९५० सालीच मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. वतन गेल्यावर त्या घरातल्या दप्तराचे कामही संपले. लिपी शाळेतून गेली आणि कागदाची गरज घरातून गेली, या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या. १९४८ साली तिसरीत बसून मोडी गिरवणारे मूल आज पंच्याऐंशीच्या घरात असेल. घरातल्या आजोबांना विचारू, ही वाट आता बंद होत आली आहे.

लिपी आली तरी काम संपत नाही. एखाद्या पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहिलेले असते. हे मंत्रासारखे वाटणारे शब्द म्हणजे अरबी संख्यानामे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते. त्यात ५९९ मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले ते वर्ष मिळते: १७६०. म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा हा काळ. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच वर्षात पडली. मराठवाड्यातल्या कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवावे लागतात. फसली १३१० म्हणजे १९००-०१. एवढे माहीत नसेल तर लिपी वाचूनही कागदाचा काळ कळत नाही.

महाराष्ट्राबाहेर तर ही अडचण दुहेरी आहे. तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत होते. तेथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात या राज्याची मोडी कागदपत्रे आहेत. ज्या प्रदेशाचा इतिहास त्यांत आहे, तेथले बहुतेक लोक तमिळ बोलतात आणि हे कागद मराठीत, तेही मोडीत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही कागदांचे तमिळ भाषांतर करून छापले, तेव्हा कोठे ते त्या मातीतल्या अभ्यासकांना वाचता आले.

चित्र आणि नोंद

आता संगणकाकडे वळू. कागद स्कॅन करतात म्हणजे नेमके काय करतात?

पानाचे अगदी बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाचा रंग तीन आकड्यांनी लिहायचा: लाल किती, हिरवा किती, निळा किती. इंचाला ३०० चौकोन घेतले तर ए-४ आकाराच्या पानाचे आडवे सुमारे २४८० आणि उभे ३५०८ चौकोन होतात. त्यांचा गुणाकार सुमारे ८७ लाख. प्रत्येकाला तीन आकडे, म्हणजे एका पानाला सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट, अर्थात २६ मेगाबाइट जागा लागते. दोनशे पानांच्या रजिस्टराला सव्वापाच गिगाबाइट. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात करून घेण्याजोगे आहे. मोबाइलवरचे चित्र याहून लहान असते, कारण त्यात आकडे दाबून बसवलेले असतात आणि तसे करताना थोडा तपशील गळतो. म्हणून अभिलेखागारे मूळ प्रत न गाळता ठेवतात आणि वाचकाला हलकी प्रत देतात.

पण या कोट्यवधी आकड्यांत 'हे सखाराम नावाच्या मुलाचे पान आहे' ही माहिती कोठेच नसते. संगणकाच्या दृष्टीने ते फक्त रंगांचे ठिपके आहेत. पान कोणत्या वहीतले, वही कोणत्या गावची, कोणत्या सालातली, लिपी कोणती, मूळ वही आता कोठे आहे, हे माणसाने लिहून जोडावे लागते. या जोड-माहितीशिवाय दहा हजार प्रतिमा म्हणजे खुणेची चिठ्ठी नसलेले दहा हजार रुमाल. रुमाल निदान डोळ्यांना दिसतो. चुकीच्या नावाने साठवलेली फाइल दिसतही नाही.

बाळबोधातले छापील पान आता संगणक बऱ्यापैकी वाचतो. त्यामुळे जुन्या मराठी वृत्तपत्रांत किंवा गॅझेटिअरमध्ये आपल्या गावाचे नाव शोधणे सोपे होत चालले आहे. महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाने जिल्हा गॅझेटिअर, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी'वर जुनी पुस्तके व वृत्तपत्रे आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ पासून 'अभिलेख पटल'वर सरकारी कागद महाजालावर उपलब्ध केले आहेत. हस्तलिखित मोडीची गोष्ट वेगळी आहे. मोडीच्या अक्षरांना संगणकाच्या जागतिक लिपिसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्थान मिळाले ते २०१४ साली. मोडी पानाचे आपोआप देवनागरी करण्याचे प्रयोग चालू आहेत. रुडकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये असे एक साधन पुढे आणले. मात्र अशा साधनाला आधी शिकवावे लागते आणि शिकवण्यासाठी जाणकार माणसाने वाचून दिलेली हजारो उदाहरणे लागतात. यंत्राने वाचलेले बरोबर की चूक, हे ठरवायलाही जाणकारच लागतो. हक्काच्या दाखल्यासारखी गोष्ट एका अक्षरावर अवलंबून असते तेव्हा तर लागतोच लागतो.

नऊशे वर्षे आणि सोळा वर्षे

वाचणारा माणूस संपला की कागद मुका होतो, हे आपण पाहिले. वाचणारे यंत्र संपले तरी तेच होते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधले आहे आणि ते शाळांचेच असल्याने आपण समजून घ्यावे असे आहे.

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ साली आपल्या राज्याची पाहणी करवली. कोणत्या गावात जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, अशी ती आपल्याकडच्या जमाबंदीची आठवण करून देणारी मोजणी होती. ती ज्या ग्रंथात लिहिली त्याला 'डूम्सडे बुक' म्हणतात. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवा 'डूम्सडे' करायचे ठरवले. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा शाळांना वाटून दिला. मुलांनी आपल्या परिसराची छायाचित्रे काढली. दुकाने, खेळ, जेवण, कामधंदे यांविषयी लिहिले. दहा लाखांवर लोकांचा हातभार लागला. सुमारे दीड लाख पाने मजकूर आणि तेवीस हजारांवर छायाचित्रे जमली. स्थानिक इतिहासाचा एवढा मोठा शालेय उपक्रम त्याआधी क्वचितच झाला असेल.

हे सारे त्या काळच्या सर्वांत आधुनिक साधनावर, ताटाएवढ्या लेसर तबकड्यांवर साठवले. त्या वाचायला खास यंत्र आणि त्याला जोडलेला विशिष्ट संगणक लागे. संच इतका महाग होता की ज्या शाळांनी माहिती गोळा केली होती त्यांतल्या अनेकांना तो घेता आला नाही. पुढे ते यंत्र बनणे बंद झाले, ते संगणकही अडगळीत गेले. २००२ पर्यंत अशी स्थिती आली की चालू यंत्रे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तबकड्या शाबूत होत्या, पण सोळा वर्षांपूर्वी मुलांनी लिहिलेले वाचता येईना. चर्मपत्रावरचे १०८६ चे पुस्तक मात्र लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येत होते!

लीड्स आणि मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांनी त्याच वर्षी एक उपाय करून दाखवला. जुन्या संगणकासारखे वागणारी आज्ञावली त्यांनी नव्या संगणकासाठी तयार केली आणि तबकडीवरचा मजकूर पुन्हा दिसू लागला. २०११ मध्ये शाळांनी जमवलेला भाग महाजालावर आला. २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. त्याची प्रत ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराने जपून ठेवली आहे.

या गोष्टीतून 'कागद चांगला, संगणक वाईट' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो बरोबर नाही. १०८६ चे पुस्तक लॅटिन भाषेत आणि मोडीइतक्याच दाट संक्षेपांत लिहिलेले आहे. ते वाचता येते, कारण ती लिपी वाचणारे लोक पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिले. १७८३ मध्ये ते छापले गेले तेव्हा त्यातल्या संक्षेपचिन्हांसाठी खास खिळे पाडले होते. चर्मपत्र टिकाऊ होते, पण वाचण्याची परंपराही त्याच्याबरोबर टिकवली गेली. आमच्या मते जतनाचा अर्थ हाच आहे. वस्तू, तिची नोंद आणि ती वाचण्याची विद्या, या तिन्ही गोष्टी पुढच्या पिढीच्या हाती पोचल्या तरच काही जतन झाले असे म्हणावे.

ताळा आणि प्रती

डिजिटल प्रत बिघडते ती कागदासारखी हळूहळू पिवळी पडून बिघडत नाही. ती कालपर्यंत उघडत असते आणि आज उघडत नाही. म्हणून बिघाड वेळेवर ओळखण्याची युक्ती लागते. ती युक्ती आपल्या ओळखीची आहे. गुणाकार पडताळायला आपण ताळा घेतो: ३५२६४ या संख्येच्या अंकांची बेरीज २०, म्हणजे ताळा २. कोणी ६ चा ८ केला तर ताळा ४ येतो आणि चूक पकडली जाते. संगणकही संपूर्ण फाइलचा असाच ताळा काढून ठेवतो आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडून पाहतो. आपला ताळा मात्र कच्चा आहे. ३५२६४ चे ३५६२४ झाले तरी तो २ च येतो. संगणकाचा ताळा असा रचलेला असतो की अंकांची अदलाबदलही त्यातून सहसा सुटत नाही.

ताळा चूक दाखवतो, ती दुरुस्त करायला दुसरी प्रत लागते. म्हणून साधा नियम असा: निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. एकाच कपाटातल्या तीन प्रती पुरात एकदमच वाहून जातात. शिवाय दर काही वर्षांनी प्रती नव्या साधनावर उतरवाव्या लागतात. जुन्या पोथ्यांची नक्कल पिढीगणिक होत असे, तसेच हे आहे.

आणि मूळ कागद? तो कधीही टाकायचा नाही. शाई, कागदाची जात, पुसून पुन्हा लिहिलेली जागा, शिक्का, यांतले बरेच काही चित्रात येत नाही. एखादी नोंद खरी की मागाहून घुसडलेली, असा वाद निघाला तर शेवटी मूळ पानाकडेच जावे लागते.

शाळेत काय करता येईल?

पहिले काम यादीचे. शाळेत कोणती रजिस्टरे आहेत, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, लिपी कोणती, अवस्था कशी, हे एका वहीत लिहावे. या कामाला एक दुपार पुरते. अनेक शाळांत आपल्याकडे काय आहे हेच ठाऊक नसते.

दुसरे काम दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान थांबवण्याचे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये ते कायमचे बंद करू नये, टाचण्या व लोखंडी पिना काढून टाकाव्यात. वही जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावी. ओल आणि वाळवी ही कागदाची जुनी दुखणी आहेत.

तिसरे काम छायाचित्रांचे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, खिडकीच्या उजेडात, वही जबरदस्तीने न दाबता, वरून सरळ छायाचित्र घ्यावे. शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे पानाचा आकार कळतो. फाइलच्या नावात गाव, रजिस्टर, साल आणि पान क्रमांक यावा. हीच यादी कागदावरही लिहून ठेवावी.

चौथी गोष्ट पथ्याची. या वह्यांत माणसांची नावे, जाती आणि जन्मतारखा आहेत. त्यांतली अनेक माणसे हयात आहेत, अनेकांची नातवंडे आपल्याच वर्गात बसतात. अशी पाने मोबाइलच्या गटांवर फिरवायची नाहीत आणि महाजालावर टाकायची नाहीत. जतन करणे आणि जाहीर करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

हे पथ्य पाळूनही विद्यार्थ्यांना वहीतून खूप शिकता येते. शिक्षकांनी नावे वगळून फक्त रकान्यांतले आकडे काढून द्यावेत. पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? दाखल होतानाचे वय पन्नास वर्षांत कसे बदलले? शाळा सोडण्याची कारणे काय लिहिली आहेत? १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पटसंख्येचे काय झाले? शाळा जुन्या कोल्हापूर संस्थानातली असेल, तर शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाच्या आज्ञेनंतर दाखल होणाऱ्यांचा आकडा वाढला का? पाठ्यपुस्तकातली घटना आपल्या गावात पोचली की नाही, हे मुले स्वतः मोजून पाहू शकतात.

पाचवी गोष्ट वाचण्याची. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन शिक्षक जरी नोंदीपुरती मोडी शिकले, तरी पुढच्या वेळी कोणाला आपल्याच आजोबांची नोंद वाचून घेण्यासाठी परगावी जाऊन रांगेत उभे राहावे लागणार नाही. रजिस्टरातली मोडी पत्रांतल्या मोडीपेक्षा सोपी असते. रकाने ठरलेले, शब्द तेच ते, नावे ओळखीची. सुरुवात तेथूनच करावी.

कपाटाच्या तळच्या खणातली ती वही एकदा बाहेर काढून पाहावी. पहिल्या पानावरचे पहिले नाव आपल्याला वाचता येते का, हे आधी पाहावे. येत नसेल, तर काम कोठून सुरू करायचे ते कळले.